चाळणीतून निसटलेले खेळाडू

हॉकी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू येतो. कॅनडातल्या मुलापुढे हाच शब्द उच्चारला, तर त्याला आठवतो तो बर्फ. तिकडची हॉकी पायांत पात्यांचे बूट, म्हणजे स्केट, घालून बर्फाच्या रिंगणात खेळतात. चेंडूच्या जागी कडक रबराची चकती असते. तिला पक म्हणतात. पकचा व्यास ७.६ सेंमी., जाडी २.५ सेंमी. आणि वजन सुमारे १७० ग्रॅम असते. आपल्याकडे गल्लोगल्ली जसे क्रिकेट, तशी तिकडे ही हॉकी. पाचसहा वर्षांचे पोर स्केट चढवून बर्फावर धडपडू लागते, आणि त्याच्या आईवडिलांच्या डोक्यात त्याच दिवसापासून एक नाव घोळू लागते : नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल. १९१७ साली स्थापन झालेली ही व्यावसायिक संघांची लीग. तिच्यात आज कॅनडा व अमेरिका मिळून ३२ संघ आहेत. लाखो मुले खेळायला लागतात आणि त्यांतली मूठभर तिथे पोहोचतात. ही मूठ कशी भरली जाते, आणि बोटांच्या फटींतून कोण निसटते, ते आज पाहू या. वरवर हा विषय खेळाचा वाटेल. पण त्यात मोजमाप, चूक आणि थोडेसे तुमच्या पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्रही आहे.

गोष्ट १९८०च्या दशकातली. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात लेथब्रिज नावाचे शहर आहे. तेथे रॉजर बार्न्सली हे मानसशास्त्रज्ञ एकदा पत्नी पॉला व मुलांसह तरुण खेळाडूंचा एक सामना पाहायला गेले होते. वेळ घालवायला पॉलाबाई कार्यक्रमपत्रिका चाळत होत्या. तीत खेळाडूंची नावे, उंची, वजन आणि जन्मतारखा छापल्या होत्या. वाचता वाचता त्या थबकल्या. जानेवारी, फेब्रुवारी, पुन्हा जानेवारी, मार्च, पुन्हा फेब्रुवारी... डिसेंबर कुठे गेला? बार्न्सली घरी गेले आणि त्यांनी मिळतील तेवढ्या संघांच्या याद्या गोळा केल्या. सगळीकडे तेच. १९८५ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच सुमारास क्वेबेक प्रांतात सिमाँ ग्राँदँ व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच गोष्टीपाशी पोहोचले होते.

निष्कर्ष असा : कॅनडातल्या निवडक दर्जाच्या तरुण खेळाडूंचा कोणताही मोठा गट घ्या. ढोबळ मानाने त्यांतले ४० टक्के जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले असतात, ३० टक्के एप्रिल ते जूनमध्ये, २० टक्के जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि शेवटच्या तिमाहीतले उरतात फक्त १० टक्के. जन्म जर वर्षभर सारखे विभागलेले असतील, तर प्रत्येक तिमाहीच्या वाट्याला २५ यायला हवेत. कॅनडात हिवाळ्यात जास्त मुले जन्मतात म्हणावे, तर तसेही नाही.

आता आपल्यापैकी काही जण लगेच पंचांग उघडतील! मकर आणि कुंभ राशींवर बर्फाच्या देवतेची कृपा आहे, असे सांगणारा कोणीतरी भेटेलही. पण विज्ञानात अशा दाव्याची परीक्षा घेता येते, आणि ती इथे घेतली गेली आहे. बेल्जियममध्ये फुटबॉलच्या वयोगटांची सीमारेषा १९९७ पर्यंत १ ऑगस्ट ही होती. तोवर तिथल्या कुमार संघांत ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलांची गर्दी होती. १९९७ साली ही रेषा १ जानेवारीवर आणली. पुढच्या पाहणीत गर्दी हलून जानेवारी ते मार्चवर गेली होती. आकाशातले ग्रह होते तिथेच होते. हलली होती ती कचेरीतल्या कागदावरची एक तारीख.

कॅनडातही कुमार हॉकीचे वयोगट १ जानेवारीला कापले जातात. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला जन्मलेला, ही दोन्ही मुले एकाच गटात खेळतात. त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. चाळिशीतल्या माणसाला एका वर्षाने काही फरक पडत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने एक वर्ष म्हणजे त्याच्या आयुष्याचा नववा हिस्सा! जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार नऊ वर्षांच्या मुलग्याची मध्यम उंची १३३ सेंमी.च्या आसपास व वजन २८ किग्रॅ. असते, दहा वर्षांच्या मुलाची हीच मापे १३८ सेंमी. व ३१ किग्रॅ. उंचीत चार टक्क्यांचाच फरक, पण वजनात दहा टक्क्यांहून जास्त.

बर्फावर वजनाचे मोल

दहा टक्के जास्त वजन असले म्हणून काय झाले, असे विचाराल. मैदानावर फारसे काही होत नाही. बर्फावर मात्र होते.

स्केटचे पाते आणि बर्फ यांच्यातील घर्षण गुणांक ०.००५च्या आसपास, म्हणजे अत्यंत कमी असतो. सेकंदाला ५ मीटर वेगाने घसरणारा खेळाडू काहीच न करता नुसता घसरत राहिला आणि हवेचा विरोध धरला नाही, तर तो किती अंतर जाईल? v²/2μg हे सूत्र वापरा. उत्तर अडीचशे मीटरच्या वर येते! थांबायचे असेल तर पाते आडवे करून बर्फात रुतवावे लागते. म्हणजे या खेळात ज्याच्यापाशी जो संवेग आहे तो त्याच्यापाशी टिकून राहतो. पायाखालची जमीन तो शोषून घेत नाही.

आता तेरा-चौदा वर्षांच्या गटातले दोन मुलगे घ्या. एक ४० किग्रॅ.चा, दुसरा ६० किग्रॅ.चा. या वयात एकाच संघात असे दोघे सहज सापडतात. दोघेही सेकंदाला ५ मीटर वेगाने समोरासमोर येतात आणि एकमेकांत अडकतात. मोठ्याचा संवेग ३००, धाकट्याचा २००, उलट दिशेने. शिल्लक १०० भागिले एकूण वस्तुमान १००. म्हणून दोघे मिळून सेकंदाला १ मीटर वेगाने मोठ्याच्या दिशेने जातील. धाकट्याच्या वेगात ६ चा बदल झाला, मोठ्याच्या वेगात ४ चा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोघांवरचे बल सारखेच आणि वेळही तीच. पण हलक्या मुलाच्या डोक्याला बसलेला हिसका दीडपट. या खेळात अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणे नियमात बसते, हे लक्षात घ्या.

हा हिसका कागदावरचा नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अकरा-बारा वर्षांच्या खेळाडूंची तुलना केली होती. आल्बर्टात त्या वयाला धडक देण्याची परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. आल्बर्टातल्या मुलांना मेंदूला धक्का बसण्याचा धोका तिपटीहून अधिक निघाला. २०१३ साली कॅनडाच्या हॉकी संघटनेने देशभर त्या वयोगटात धडक बंद केली आणि तिची सुरुवात तेरा-चौदाच्या गटापासून ठेवली.

वयात येण्याचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. मुलगे सरासरीने तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात. पण कोणी बाराव्या वर्षीच ताडासारखा वाढतो, तर कोणी पंधरा-सोळापर्यंत थांबतो. तुमच्याच वर्गातला एखादा मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत असा वाढलेला तुम्ही पाहिला असेल. जूनमध्ये तो परत येतो तेव्हा बाकावर गुडघे मावत नाहीत आणि चालताना दाराला अडखळतो. त्याला धांदरट म्हणू नका. त्याचा पाय सर्व बाजूंनी १० टक्के मोठा झाला असे धरा. पायाचे वजन १.१ च्या तिसऱ्या घाताने, म्हणजे १.३३ पट होईल. पण पाय कंबरेपासून फिरवायचा असतो, आणि फिरताना लागणारे त्याचे जडत्व पाचव्या घाताने, म्हणजे १.६१ पट वाढते. स्नायूंचे बल त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, ते १.२१ पट होईल आणि तरफेची लांबी धरून फिरवण्याचा जोर १.३३ पट. जडत्व १.६१ पट, जोर १.३३ पट. पाय पूर्वीइतक्या चपळपणे फिरेल कसा? शिवाय उंची आधी वाढते आणि स्नायू मागाहून भरतात. शरीर काही इतके काटेकोर प्रमाणात वाढत नाही हे खरे, पण हिशोबाची दिशा बरोबर आहे. सोळा-सतरा वर्षांचा लांबलचक मुलगा बर्फावर ढिला दिसतो, आणि दोन वर्षांनी तोच ओळखू येत नाही.

माइकची शीळ

एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. वय वाढले की एका वर्षाचे अंतर आपोआप बोथट होते, म्हणून हा फरक अठराव्या वर्षापर्यंत पुसला जायला हवा. तो पुसला जात नाही, उलट टिकतो. का?

गणपतीच्या मंडपात माइक कर्ण्याच्या फार जवळ आला की काय होते, आठवा. बारीकसा आवाज माइकमध्ये शिरतो, कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, आणखी मोठा होतो. क्षणात कान किटवणारी शीळ घुमते. सुरुवातीचा आवाज किती लहान होता याला मग काही अर्थ उरत नाही.

नवव्या-दहाव्या वर्षी निवड समिती मुलांना बर्फावर पळवते. जानेवारीचा मुलगा थोडा मोठा, थोडा जोरकस असतो. समिती प्रामाणिक असते. तिला तो खरोखरच चांगला दिसतो. त्याला वरच्या संघात घेतात. वरच्या संघाला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, जास्त सामने आणि तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळतात. वर्षभराने तो खरोखरच चांगला झालेला असतो! म्हणजे निवडीने स्वतःचे म्हणणे स्वतःच खरे करून दाखवले. डिसेंबरचा मुलगा खालच्या संघात आठवड्यातून एखादा सराव करतो, आणि एक दिवस स्केट खुंटीला टांगतो. उशिरा जन्मलेली मुले खेळ सोडून देण्याचे प्रमाण अधिक असते, असे बार्न्सली यांना पुढच्या अभ्यासात दिसले. बारा वर्षांचा एखादा मुलगा खेळ सोडतो तेव्हा त्याची बातमी होत नाही. तो कोण झाला असता याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत लागणारी गोष्ट हीच आहे.

यानंतर चौदा-पंधरा-सोळाव्या वर्षी कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगचे संघ मुलांची निवड करतात. पश्चिमेकडची लीग तर पंधराव्या वर्षात पदार्पण करणारी मुले उचलते. तिथे सोळा ते वीस वर्षांचे खेळाडू खेळतात आणि त्यांच्यावर एनएचएलच्या पारख्यांची नजर असते. अठराव्या वर्षी येतो ड्राफ्ट. १९६३ साली मॉन्ट्रियलमध्ये सुरू झालेला हा वार्षिक सोहळा म्हणजे संघांनी आळीपाळीने तरुण खेळाडूंवर हक्क सांगण्याची रीत. हल्ली त्याच्या सात फेऱ्या होतात. त्यालाही स्वतःची सीमारेषा आहे, आणि ती जानेवारीची नाही : त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण व्हायला हवीत. अमेरिकन खेळाडू ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ ला जन्मला. दोन दिवसांनी त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधले वर्ष त्याने ज्युनियर लीगमध्ये काढले नाही. तो स्वित्झर्लंडला झुरिचच्या संघात प्रौढ पुरुषांबरोबर खेळायला गेला. २०१६ साली तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, आणि एनएचएलमधल्या पहिल्याच सामन्यात त्याने चार गोल केले.

पन्नास गुणांची नव्हे, साठ गुणांची परीक्षा

आता २०१३ साली रॉबर्ट डीनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक हिशोब पाहा. त्यांनी १९८० ते २००६ या काळात ड्राफ्टमध्ये निवडलेल्या कॅनडियन खेळाडूंची पुढची सबंध कारकीर्द तपासली. निवडलेल्यांत पहिल्या तिमाहीत जन्मलेले ३६ टक्के होते. पण पुढे एनएचएलमध्ये या सर्वांनी मिळून जितके सामने खेळले, त्यांत यांचा वाटा २८ टक्के आणि गुणांत २५ टक्केच. उलट वर्षाच्या उत्तरार्धात, म्हणजे जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले निवडीत ३४ टक्के होते. त्यांनी सामने खेळले ४२ टक्के आणि गुण मिळवले ४४ टक्के. ४०० सामने खेळण्याचा किंवा २०० गुण मिळवण्याचा टप्पा गाठण्याची शक्यता उत्तरार्धातल्यांत जवळजवळ दुप्पट होती.

अठराव्या वर्षीदेखील, पगारी आणि अनुभवी पारखी दरवर्षी एकाच दिशेने चुकत होते. चूक कधी इकडे, कधी तिकडे झाली असती तर तिला आपण यदृच्छ म्हटले असते. एकाच बाजूला झुकणारी चूक म्हणजे काटा शून्यावर नसलेला तराजू. तुमच्या प्रयोगवहीत जिला तुम्ही शून्यांक त्रुटी म्हणता, तीच.

हे कसे घडते ते अंकांत पाहू. समजा, खऱ्या गुणवत्तेला गुण देता येतात आणि निवड होण्यासाठी समितीला ६० गुण 'दिसायला' हवेत. वयाने मोठ्या मुलाला शरीराचे ५ गुण फुकट मिळतात. म्हणून त्याची खरी गुणवत्ता ५५ असली तरी तो आत येतो. धाकट्याला मात्र अस्सल ६० हवेत. पुढे सगळेच पंचविशीचे होतात, फुकटचे ५ गुण वितळून जातात, आणि एका गटात ५५ पासूनची माणसे उरतात, दुसऱ्यात ६० पासूनची. दुसरा गट सरस ठरणारच. काही अभ्यासक आणखी एक कारण सांगतात : धाकट्याला सतत मोठ्यांशी झुंजावे लागल्यामुळे तो चुकवणे, हुलकावणी देणे, आधी विचार करणे शिकतो. मला पहिले कारण पुरेसे वाटते, पण दुसरे खोटे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

याचा अर्थ जानेवारीत जन्मलेला खेळाडू नकली, असा मुळीच घेऊ नका. वेन ग्रेट्स्कीचा जन्म २६ जानेवारीचा, कॉनर मॅकडेव्हिडचा १३ जानेवारीचा. तसेच सिडनी क्रॉस्बी ऑगस्टचा आणि मारिओ लेम्यू ऑक्टोबरचा. असामान्य गुणवत्तेपुढे पाच गुणांची मातब्बरी नसते. तराजू चुकतो तो मधल्या मुलांच्या बाबतीत, आणि मधलीच मुले जास्त असतात.

मधली पायरी

ड्राफ्टमध्ये नाव पुकारले गेले म्हणजे मुलगा एनएचएलमध्ये खेळू लागला, असे नव्हे. बहुतेकांच्या आयुष्यात खरी दोन ते पाच वर्षे तिथून सुरू होतात. उन्हाळ्यात संघ त्याला शिबिराला बोलावतो, स्केटिंगचे चित्रीकरण करून दोष दाखवतो, व्यायाम आणि आहार ठरवून देतो, आणि बहुधा परत ज्युनियर संघात पाठवतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला एनएचएलचे नऊ सामने खेळवून पाहता येते. दहावा खेळवला की त्याच्या कराराचे पहिले वर्ष खर्ची पडते. म्हणून नऊ सामन्यांनंतर पुष्कळ मुलांची बॅग भरली जाते.

या दोन जगांच्या मध्ये एक पायरी आहे : १९३६ साली स्थापन झालेली अमेरिकन हॉकी लीग, एएचएल. तिच्यातला प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला असतो. मोसमात ७२ सामने, लांबलांबचे बसप्रवास, प्रतिस्पर्धी म्हणून बावीस ते तीस वर्षांचे भरलेल्या अंगाचे पुरुष. एनएचएलमधल्या बहुसंख्य खेळाडूंनी कधी ना कधी या बसमधून प्रवास केलेला असतो. प्रत्येक संघाला ठरावीक संख्येने कमी अनुभवाचे खेळाडू उतरवावेच लागतात, असा तिथला नियम आहे. म्हणजे शिकाऊ मुलगा बाकावर बसून राहत नाही.

पण गंमत अशी की, कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या मुलाला वीस वर्षांचा होईपर्यंत ही पायरी बंद होती. एक तर थेट एनएचएल, नाहीतर परत ज्युनियर. नियम ज्युनियर संघांच्या सोयीचा होता. चांगले खेळाडू लवकर गेले तर तिकिटे कोण घेणार? पण मुलाचा विचार करा. एकोणिसाव्या वर्षी तो सोळा वर्षांच्या मुलांना सहज मागे टाकतो, मान खाली घालून पक नेतो, तरी कोणी त्याला धडकत नाही. वाईट सवयी अंगी मुरतात. वर नेला तर सामन्यात जेमतेम सात-आठ मिनिटे बर्फावर, बाकीचा वेळ बाकावर. व्यायामात वजन फार हलके असले तर स्नायू वाढत नाही, फार जड असले तर दुखावतो. मधले वजन तर कपाटात कुलूपबंद! २०२५ साली लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारात ही अट थोडी सैल करायचे ठरले : एकोणीस वर्षांचा एक खेळाडू प्रत्येक संघाला एएचएलमध्ये पाठवता यावा. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेतल्या विद्यापीठ संघांचे दारही उघडले. पूर्वी ते बंद होते. उशिरा भरणाऱ्या मुलाला या दाराचा मोठा उपयोग आहे, कारण विद्यापीठात बावीस-तेविसाव्या वर्षापर्यंत खेळता येते आणि सामने कमी असल्यामुळे व्यायामाला वेळ मिळतो.

वाट पाहण्यात डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाचे नाव झाले होते. पाडाला आलेला आंबा आपण लगेच कापत नाही, आढीत घालतो. हा संघ तर आढीतही चार दिवस जास्तच ठेवी. त्यांचा एएचएलमधला संघ ग्रँड रॅपिड्स गावात आहे. २०१३ साली त्या संघाने एएचएलचा काल्डर चषक जिंकला. त्यात गुस्ताव न्यूक्विस्ट व टॉमस टाटार हे दोघे होते. पहिला १ सप्टेंबरचा, ड्राफ्टमध्ये १२१ वा. दुसरा १ डिसेंबरचा, ६० वा. दोघेही पुढे एनएचएलमध्ये दीर्घकाळ खेळले.

आणि ज्यांचे नाव पुकारलेच गेले नाही ते? मार्क जिऑर्डानो, जन्म ३ ऑक्टोबर १९८३, टोरांटो. ज्युनियर लीगमध्ये तो दोन वर्षे खेळला, पण ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नाही. कॅल्गरी संघाने २००४ साली त्याला शिबिरातून करारबद्ध केले. मग एएचएलमध्ये आधी लोवेल, नंतर ओमाहा, वर-खाली ये-जा, २००७-०८ चा मोसम थेट मॉस्कोत. २०१३ साली तो कॅल्गरीचा कर्णधार झाला, आणि २०१९ साली, पस्तिसाव्या वर्षी, लीगमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला नॉरिस करंडक मिळाला. अठराव्या वर्षी पारख्यांनी त्याला पाहिले नव्हते असे नाही. त्यांनी पाहिले ते एक छायाचित्र होते.

हे छायाचित्राचे बोलणे जरा समजावून घ्या. धावत्या गाडीचा एक फोटो काढला तर गाडी कुठे आहे हे कळते. ती किती वेगाने चालली आहे हे कळत नाही. त्यासाठी थोड्या अंतराने काढलेले दोन फोटो लागतात. ड्राफ्टपूर्वी बफेलो शहरात दरवर्षी निवडक मुलांची शारीरिक चाचणी होते. सायकलवर तीस सेकंद जिवाच्या आकांताने पाय मारून ती किती वॅट शक्ती देतात, दम लागेपर्यंत किती ऑक्सिजन वापरतात, हे मोजतात. उपकरणे उत्तम आहेत. पण तो एका दिवसाचा फोटो. सतरा वर्षे नऊ महिन्यांचा मुलगा आणि अठरा वर्षे आठ महिन्यांचा मुलगा एकाच तक्त्यात शेजारी बसतात. शहाणे संघ आता त्याच मुलाची दोन-तीन वर्षांची मापे एकाखाली एक मांडतात आणि चढ किती आहे ते पाहतात.

चूक ठाऊक झाली म्हणजे सुधारते, असेही नाही. नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २०१७ साली फुटबॉलच्या पारख्यांवर एक प्रयोग केला. काहींना मुलांच्या जन्मतारखांची यादी हातात दिली. काही उपयोग झाला नाही; नजर तरीही मोठ्या मुलांकडेच गेली. दुसऱ्यांदा मुलांच्या पाठीवरचे क्रमांकच वयाच्या क्रमाने दिले, म्हणजे क्रमांक पाहताच कोण थोरला, कोण धाकटा हे कळावे. झुकाव नाहीसा झाला. खर्च काय, तर शर्टांची अदलाबदल!

आता तुमचे काम. आपल्या तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट असतात. सीमारेषेची तारीख कोणती आहे ते क्रीडाशिक्षकांना विचारा, आणि मागच्या आठ-दहा वर्षांतल्या खोखो, कबड्डी, हॉकी संघांच्या जन्मतारखा शाळेच्या जनरल रजिस्टरातून मिळवून, नावे न लिहिता, चार तिमाहींत मोजा. बारा जणांच्या एका संघावरून काही म्हणू नका. निदान शंभर खेळाडू जमवा. तुलनेसाठी त्याच वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखाही मोजा, नाहीतर २५-२५-२५-२५ हे गृहीतच चुकीचे ठरायचे. आणि जुनी रजिस्टरे चाळत असाल तर आणखी एक दक्षता घ्या. पूर्वी पोराला शाळेत घालताना बापाला तारीख सांगता आली नाही, की मास्तर सरळ १ जून लिहून टाकत. माझ्या वडिलांची शाळेतली जन्मतारीख १ जून आहे, त्यांच्या दोन्ही भावांचीही १ जूनच. अशा नोंदी आधी बाजूला काढा, मग मोजा.